एकोणिसाव्या प्रश्नाचं उत्तर

"सर, एकोणीस नंबरचं उत्तर चुकलंय."

मी मान वर केली नाही. समोर येऊन कुणी बोलायला लागलं की हातातल्या कागदावर आणखी वाकायचं, ही माझी जुनी सवय. कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं मी तिच्या जोरावर काढली.

"तुमचं चुकलं असेल," मी कागदालाच सांगितलं.

"माझं न्हाई. तुमचं."

मग बघावंच लागलं. खाकी गणवेश, छातीवर बिल्ला, केसांवर रस्त्याची धूळ. स्वप्नाली ऐवळे. ती एसटीत कंडक्टर होती. जतची गाडी डेपोत लावून तशीच क्लासला आली होती. हातात शनिवारच्या सराव परीक्षेचा पेपर, आणि एकोणिसाव्या प्रश्नाभोवती निळ्या पेननं दोनदा काढलेलं वर्तुळ.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची आहे. तारखा माझ्या हातून इकडच्या तिकडे होतात, पण ती संध्याकाळ नाही. मी निवृत्त झालो होतो आणि सांगलीत विश्रामबागेकडे विक्रांत सावर्डेकरच्या क्लासमध्ये काम करत होतो. एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी तिथं करून घेत. विक्रांत कॉलेजात असताना माझ्याकडून पुस्तकं न्यायचा, त्या ओळखीवर त्यानं मला बोलावलं होतं. व्हर्बल, म्हणजे इंग्रजी वाचनाचा भाग, त्याचे उतारे जमवायचे, प्रश्न काढायचे, याद्या टाइप करायच्या. शिकवायचं नाही. चार माणसांसमोर माझा आवाज घशातच राहतो, हे विक्रांतला ठाऊक होतं. त्यानं मला कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं आणि मी त्याच्या उपकारात होतो.

त्या सोमवारी सकाळीच यादी लागली होती. एकशे चाळीस मुलांमधून पहिले बारा निवडायचे. त्या बाराजणांना परीक्षेपर्यंत रोज सकाळी सात वाजता संगणकावर सराव मिळणार होता, तोही फुकट. बाराच का, तर संगणक बाराच होते. परीक्षा आता संगणकावर व्हायची आणि स्वप्नालीनं संगणक फक्त डेपोच्या ऑफिसात, काचेपलीकडून पाहिलेला. बाराव्या जागेवर ऋतुराज शहा होता, त्रेसष्ट गुण. तेरावी स्वप्नाली, अठ्ठावन्न.

मी तिला एकदा विचारलं होतं, चांगली सरकारी नोकरी असताना हे कशाला? ती म्हणाली होती, "घंटी मारायचा कंटाळा न्हाई आला सर. पण गाडी कुठं थांबवायची ते कोण ठरवतं, ते मला बघायचंय. त्या खुर्चीत बसून."

आता ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी होती.

"उत्तरतालिकेत 'बी' पर्याय दिलाय," मी म्हणालो.

"ते दिसलं मला. कसं काय, ते सांगा."

उतारा लहानसा होता. खाली जे. आर. विटलो असं लेखकाचं नाव छापलं होतं. नदीकाठच्या गावातला एक कारकून रोज सकाळी सहाला घाटावर जातो, पाण्यात काठी उभी धरतो, आणि पाणी किती चढलं, किती उतरलं ते वहीत लिहितो. सव्वीस वर्षं. त्याला कुणी सांगितलेलं नाही. ती वही कुणी मागत नाही. सरकारची मोजणी वेगळी चालूच असते. शेवटी तो आजारी पडतो. 'त्या सकाळी नदी कुणी मोजली नाही,' हे शेवटचं वाक्य. प्रश्न असा की लेखक या माणसाकडे कसा बघतो? ए, थट्टेनं. बी, कीव येऊन. सी, आदरानं. डी, अलिप्तपणे.

"शेवट वाचा," मी म्हणालो. "माणसाचं आयुष्य वाया गेलं, असं त्यातून..."

"शेवट कशाला, मधलं वाचा की. पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासलेली, एक टोक मोडलं तर दुसरं असावं म्हणून. वहीला गोणपाटाचं कव्हर. काठी डाव्या हातानं धरतो. हे कुणी बघितलं? लेखकानं. म्हंजे तोसुद्धा रोज सहाला उठून घाटावर गेलाय. ज्याची कीव येते त्याच्यासाठी पहाटे कोण उठतं सर? त्याला अंथरुणातनंच बिचारा म्हणतात आणि कूस बदलतात."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. मी ती उचलायला वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खाली राहिलो.

"तालिका दिल्लीच्या तज्ज्ञांनी तपासली आहे," टेबलाखालून मी म्हणालो.

"त्यांनी तपासली. तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे?"

"म्हंजे सी वाटतंय."

"असं मी म्हटलं नाही."

"बी पण म्हटलं न्हाई," ती म्हणाली. पेपरची घडी घातली आणि वर्गाकडे गेली. सहा वाजता त्याच पेपरची चर्चा होती.

मी सहसा चर्चेला जात नसे. त्या दिवशी गेलो. का गेलो ते मला तेव्हा विचारलं असतं तर फळ्याचे पेन पोचवायला गेलो, असं मी सांगितलं असतं. पेन पोचवून मी मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसलो.

विक्रांत फार छान शिकवायचा, हे मला मान्य करायला हवं. पोरं हसत आणि लक्षातही ठेवत. त्याचा एक मंत्र होता: पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, प्रश्न. "अख्खा उतारा वाचायला बसलात तर म्हातारे व्हाल," तो म्हणायचा, आणि पोरं मागे वळून माझ्याकडे बघत. मीही हसायचो.

पांढऱ्या फळ्यावर त्यानं अठरा उत्तरं भरभर लिहिली. मग एकोणीस, बी.

"सर, ते सी आहे," स्वप्नाली उभी राहिली.

"ओ कंडक्टर, पुढं चला!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

"पुढंच चाललीय. तू दारातनं बाजूला हो." वर्ग आणखी हसला. ती मात्र हसली नाही. जे मला सांगितलं होतं तेच तिनं पुन्हा सांगितलं, पेन्सिल, गोणपाट, डावा हात. विक्रांत हाताची घडी घालून ऐकत होता.

"ऐवळे मॅडम, मुद्दा चांगला आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही फार खोलात जाता. परीक्षेत खोलात जाणारा बुडतो. बरं, तुमचं समाधान होत नसेल तर वाद नको. प्रश्न रद्द करू. सगळ्यांचाच."

त्याला वाटलं मिटलं. स्वप्नालीनं डोळे मिटले. तिकिटाचा हिशेब करताना हलवत असेल तसे ओठ हलवून क्षणभर काहीतरी पुटपुटली.

"बरोबर उत्तराला तीन आणि चुकीला एक कापता तुम्ही. रद्द केलं तर ऋतुराजचे तीन जाणार, साठ राहणार. माझा कापलेला एक परत येणार, एकोणसाठ. म्हंजे मी बाहेरच."

"मग तुमच्यासाठी गणित बदलू?"

"गणित नको. उत्तर बदला. सी धरलं तर मी बासष्ट, तो एकोणसाठ. बरोबर उत्तर रद्द कशाला करायचं? चुकीचं करा."

"मॅडम, फ्लेक्स छापायला गेलाय. बारा फोटो आहेत. उद्या चौकात लागणार."

"फोटो माझ्याकडंबी आहे. बिल्ल्यासाठी काढलेला."

आता कुणी हसलं नाही. विक्रांतचा आवाज किंचित चढला. तो वाईट माणूस नव्हता, पण शंभर पोरांसमोर त्याला याआधी कुणी अडवलं नव्हतं.

"हे बघा, दिल्लीचे तज्ज्ञ सांगतात बी. मी सांगतो बी. तुम्ही सांगता सी. लेखकाला काय म्हणायचं होतं, ते तुम्हाला लेखकानं येऊन सांगितलं काय?"

माझी खुर्ची पडली. ती पडल्याच्या आवाजानं मला कळलं की मी उभा आहे.

"मी सांगतो," मी म्हणालो.

"उपाध्ये सर, बसा. मी बघतो."

"तो उतारा माझा आहे."

"हो, तुम्हीच निवडलाय. पण—"

"निवडला नाही. लिहिलाय. जे. आर. विटलो नावाचा कुणी माणूस नाही."

एवढं बोलून माझा आवाज नेहमीप्रमाणे संपायला हवा होता. संपला नाही. शंभर डोकी माझ्याकडे वळली होती आणि मी मनातून मरत होतो, पण तोंड चालू राहिलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. चांगले, कुठल्याच पुस्तकात आधी न आलेले उतारे मिळेनासे झाले तेव्हा मी स्वतःच लिहायला लागलो. तोवर अकरा झाले होते. सांगलीच्या रिटायर्ड माणसाचं नाव खाली दिसलं तर पोरं मन लावून वाचणार नाहीत, असं विक्रांत म्हणाला, आणि मला ते पटलं. मग प्रत्येक वेळी तो एक इंग्रजी नाव सुचवायचा. विटलो हे त्यातलंच एक. माझ्या मूळ तालिकेत एकोणिसाव्याचं उत्तर सी होतं. दिल्लीहून पेपर तपासून आला तेव्हा त्यावर लाल शाईत बी होतं आणि बाजूला लिहिलं होतं, 'कीव, उघडच.' दोन दिवस मी माझाच उतारा घेऊन बसलो. आणि मग माझ्याच हातानं सी खोडून बी केलं. माझं वाक्य त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल, असं मला खरंच वाटलं.

"काय म्हणता सर!" पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली.

"तो कारकून माझे वडील होते," मी म्हणालो. "नगरपालिकेत होते. काठी डाव्या हातानं धरायचे, कारण उजव्या हातात पेन्सिल असायची. वही मी धरायचो. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. गावातली माणसं हसायची. मला वडिलांची लाज वाटलेली आहे, खोटं कशाला सांगू? बऱ्याचदा वाटली. पण कीव कधीच नाही. दिल्लीच्या माणसानं कीव म्हटलं आणि मी घाबरलो. वाटलं, आपण आयुष्यभर बापाची कीवच करत आलो आणि आपल्याला कळलं नाही की काय. म्हणून खोडलं." मी स्वप्नालीकडे बघितलं. "या मुलीनं तो घाट कधी पाहिलाही नसेल. तिला बरोबर कळलं."



विक्रांत सावरला. "सर, तुमच्याबद्दल मला आदरच आहे. पण खऱ्या परीक्षेत लेखक उभा राहून सांगत नाही. तिथं तालिका असते. ठरली की ठरली."

"लेखक नसतो, म्हणूनच नीट वाचायचं असतं."

"तालिका बदलणार नाही."

मी फळ्याकडे गेलो. मधल्या वाटेत दोघांच्या दप्तरांना अडखळलो. फळ्यावरचं बी मी तळहातानं पुसलं आणि सी लिहिलं. माझं अक्षर वाकडं आलं.

विक्रांतनं डस्टर घेतलं, सी पुसलं, बी लिहिलं. अगदी शांतपणे.

मी पुन्हा पुसलं. सी.

त्यानं पुन्हा पुसलं. बी. "सर, शोभत नाही हे."

"नाही शोभत," मी म्हणालो आणि सी लिहिलं. माझा हात निळा झाला होता. साठीच्या पुढचा माणूस बालवाडीतल्यासारखा भांडत होता, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला बरं वाटत होतं.

विक्रांत डस्टरसाठी वळला. डस्टर टेबलावर नव्हतं. स्वप्नालीनं ते उचलून नेलं होतं, बाकावर ठेवलं होतं आणि त्यावर ती बसली होती.

"द्या ते," विक्रांत म्हणाला.

"गाडी सुटल्यावर मिळंल."

वर्ग फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. त्या गोंधळात ऋतुराज शहा उभा राहिला. गोरा, चष्मेवाला, कधी जास्त न बोलणारा मुलगा. त्यानं हात वर केला आणि सगळे गप्प होईपर्यंत तसाच ठेवला.

"सर, मी एक सांगू? मी तो उतारा वाचलाच नव्हता."

"म्हणजे?" विक्रांतनं विचारलं.

"पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, प्रश्न. तुम्ही सांगितलं तसं. शेवटचं वाक्य रडकं होतं, म्हणून बी. आत्ता ही बोलत होती तेव्हा पहिल्यांदा वाचला. सी आहे सर ते."

"तुझी जागा जाईल."

"हो, ते कळलं मला. साठ पण नाही, एकोणसाठ." आणि तो खाली बसला.

"मी पण नव्हता वाचला," मागून एकजण म्हणाला. मग आणखी एक. मग हात मोजता येईनात.

विक्रांत फळ्याकडे वळला. मग त्यानं माझ्या वाकड्या सीला हात न लावता पुढचा आकडा लिहिला. "वीस," तो म्हणाला. "एकोणीस सी. नवी यादी उद्या सकाळी."

वर्ग सुटल्यावर त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. फ्लेक्सवाल्याला फोन लावता लावता म्हणाला, "मला एकट्यात सांगायचं होतंत सर. मी ऐकलं असतं."

"एकट्यात मला धीर झाला नसता."

"आणि शंभर पोरांसमोर झाला?"

"तेच मला कळत नाहीये," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

फोन झाल्यावर तो खुर्चीत मागे रेलला. "पुढच्या महिन्यापासून पेपर दिल्लीहूनच मागवावेत म्हणतोय. तुम्हालाही दगदग कमी."

"मागवा. पण माझे अकरा उतारे वापरलेत तर खाली माझं नाव पाहिजे. नेमिनाथ उपाध्ये, सांगली."

"बघू."

"बघू नाही," मी म्हणालो. "नाहीतर कागद परत द्या."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही केबिनमध्ये दुसराच कुणी येऊन बसला होता. मग ड्रॉवर उघडला आणि फाइल माझ्यापुढे सरकवली. मी ती घेतली. आभार मानायची सवय होती, ती त्या दिवशी आवरली.

स्वप्नालीला त्या वर्षी कुठल्याही कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी आलं. पण ही गोष्ट मला आठवते ती त्यासाठी नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी.

नवी यादी मीच टाइप केली आणि पावणेसातला दारावर लावली. बारावं नाव ऐवळे. ती दुपारची ड्यूटी मागून घेऊन आली होती, पण गणवेशातच, उशीर नको म्हणून. खिडकीशेजारच्या बाराव्या संगणकापुढे रुंद लाकडी बाक होतं. त्यावर ती ताठ बसली आणि कळफलकावर एकेक बोट ठेवून बघायला लागली.

सातला पाच कमी असताना दारात ऋतुराज उभा राहिला. खांद्याला दप्तर.

"यादी वाचलीस ना?" विक्रांतनं विचारलं.

"वाचली. मागं उभा राहून ऐकतो फक्त."

"नाही रे राजा. यादीत नाही तो बाहेर. आज तुला उभं केलं की उद्या वीसजण दारात येतील."

ऋतुराजनं मान हलवली आणि तो वळला.

"ए, थांब," स्वप्नाली म्हणाली. मग विक्रांतला, "सर, हा बारावा कुणाचा?"

"तुमचा."

"नक्की?"

"यादीत आहे मॅडम. काल तेवढं रामायण झालं, आता नक्की नाही तर काय?"

"दुपारी दोनला बसबरोबर मी जतला जाणार. तवर हे बाक माझं."

"हो, तुमचं."

"मग त्यावर कोण बसणार, ते मी ठरवणार."

विक्रांतनं माझ्याकडे बघितलं. एरवी मी खाली बघितलं असतं. मी त्याच्याकडे तसाच बघत राहिलो. तो आपल्या टेबलाकडे वळला.

स्वप्नाली उठली नाही. फक्त भिंतीकडे सरकली आणि बाकाचा अर्धा भाग मोकळा केला. ऋतुराज दारातच घुटमळत होता.

"ये की," ती म्हणाली. "काल तू बोललास म्हणून न्हाई हं. मला हे यंत्र कळत न्हाई, तुला कळतं. तू ते दाखव."

तो येऊन बसला, बाकाच्या अगदी टोकाला. मी पहिल्या उताऱ्याचा कागद दोघांत एक असा ठेवला. ऋतुराजची नजर सवयीनं तळाच्या ओळीवर गेली. स्वप्नालीनं त्या ओळीवर तळहात ठेवला.

"वरनं," ती म्हणाली. "अख्खा."